पंजाची गोण

कोपरापर्यंत हात गोणीत खुपसायचा, डोळे मिटायचे, आणि चेहरा असा करायचा की लांबून कुणीतरी हाक मारतंय नि ती नीट ऐकू येत नाही. मग हात बाहेर. मुठीतला तांदूळ तळव्यावर पसरायचा, त्याच्याकडे बघायचंसुद्धा नाही, आणि एकच शब्द टाकायचा.

"फिरून!"

की अकरा बायका मुकाट्यानं ती अख्खी गोण जमिनीवर ओतायच्या आणि पुन्हा सुपं हातात घ्यायच्या. अडीच मणांची गोण, मंडळी! आणि कशासाठी? तर तिच्या तळव्याला कुठंतरी एक खडा बोचला म्हणून.

त्या काळात तुमच्यापैकी कुणी पालघरला पाहुणा म्हणून जेवला असेल आणि भात खाताना दाताखाली काही कचकन वाजलं नसेल, तर ते त्या हातामुळे. न वाजलेल्या खड्याची आठवण कोण ठेवतो? मी ठेवली आहे, कारण तो हात माझ्या टेबलापासून दहा पावलांवर चालायचा आणि तिथं बसून बघायचा मला पगार मिळायचा.

पालघर स्टेशनजवळच्या एका भातगिरणीत मी मेताजी होतो. मेताजी म्हणजे कारकून. नाव भारदस्त, काम हलकं. गोणी आत आल्या की लिहायचं, बाहेर गेल्या की लिहायचं, मधल्या वेळात पंखा नाही म्हणून वहीनं वारा घ्यायचा. तिशी गाठलेली, घरी बायको, दोन मुलं, आणि गणपतीत नाटकातली कामं करून कमावलेला खणखणीत आवाज. या आवाजाचा पुढं काय उपयोग झाला ते सांगणार आहे. सांगायला लाज वाटते, पण सांगणार आहे.

ती मासवणच्या पलीकडच्या एका पाड्यावरून यायची. डोंगराच्या उतारावर तिचं वीतभर शेत होतं, पावसावर पिकणारं. ते कापून झोडून झालं की दिवाळीनंतर अकरा बायका घेऊन ती गिरणीत हजर. आवारात कुडाच्या दोन खोपी घालायच्या आणि शिमग्याला पाड्यावर परत जायचं. पन्नाशी उलटलेली, अंगानं काटकुळी. उजव्या हाताची करंगळी विळ्यानं अर्धी नेलेली. तिचं नाव हजेरीपटात होतं, पण कुणाच्या तोंडात नव्हतं. तिच्या बायका तिला आयो म्हणत, हमाल बाय म्हणत, आणि मालक, अडलं असेल तेव्हा, मावशी म्हणत.

भात भरडायचं काम यंत्र करी. पण यंत्राला तांदूळ काय नि खडा काय, दोन्ही सारखेच. म्हणून भरडलेला तांदूळ आवारात ओतायचा आणि तिथून पुढं हिचं राज्य. पाखडायचं, निवडायचं, परत पाखडायचं. नवी मुलगी डोळे फाडफाडून खडे शोधायला लागली की ही म्हणायची, "डोळं घरी ठेव गो. हात आनलास का हात?"

गोण पास झाली की परातीत कालवलेल्या तांदळाच्या पिठात उजवा तळवा बुडवायचा आणि गोणीवर थाडकन मारायचा. हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. तिच्या घरी नवं भात कणगीत भरलं की कणगीवर असा पंजा उठवत. तेच तिनं गिरणीत आणलं. साडेचार बोटांचा पांढरा पंजा. हळूहळू मनोरपासून बोईसरपर्यंतचे दुकानदार म्हणायला लागले, "गोण द्या, पण पंजाची द्या." गिरणीचं नाव गोणीवर चांगलं ठळक छापलेलं असायचं, ते वाचायची तसदी कुणी घेत नसे.

एकदा थोरल्या मालकांच्याच घरच्या लग्नाचा तांदूळ निघाला. मालक स्वतः उभे. हिचा हात गोणीत गेला, डोळे मिटले.

"फिरून!"

"अगं मावशी, वऱ्हाड उद्या जेवायला बसणार आहे! एका खड्यानं काय होतंय?"

"दात बी एकच मोडतो ना, शेट."

मालक हसले आणि गोण ओतली गेली. ते हसणारे मालक होते, म्हणून सांगतो. पुढं ते अंथरुणाला खिळले आणि त्यांचा पुतण्या गिरणीत आला. तो हसायचा नाही. हसायला शिकून आला होता, तो प्रकार वेगळा.

मी एकदा तिला विचारलं, "बाय, एवढं कशाला जिवाला लावून घेतेस? तुला काय बक्षीस मिळणार आहे?"

ती सूप थांबवून म्हणाली, "मेताजी, घास घेताना खडा लागला तं मानूस कोनाला शिव्या देतो? गिरनीला देतो?"

मी म्हटलं, "नाही."

"रांदनारीला देतो. बिचारीचं काय चुकलं हाय? तिला आमी कवा बगितलंसुदा नाय. पन शिव्या आमच्यापायी खाते ना ती?"

मी घरी गेलो आणि बायकोला भातावरून मागं काय काय बोललो होतो ते आठवत बसलो. यादी मोठी निघाली.

त्याच वर्षांत तारापूरला विजेच्या केंद्राचं बांधकाम सुरू झालं होतं आणि आमच्या भागातली माणसं तिकडं धावत होती. गवताच्या वखारी रिकाम्या, मिठागरं रिकामी. मजुरी आमच्या दीडपट. मजूर गोळा करणारा एक मुकादम ट्रक घेऊन थेट आमच्या फाटकाशी आला आणि आत बघून ओरडला, "चलो बाई लोग, तारापूर! रोज का रोज पैसा!"

ही सूप घेऊनच फाटकापर्यंत गेली. "तितं काम काय?"

"मिट्टी उठाना. घमेला, घमेला!"

"ती माती कोन खानार हाय का?"

मुकादम गोंधळला. "मिट्टी कौन खाएगा, माई?"

"मंग माजं काय काम तितं?" म्हणून ती परत येऊन बसली. अकरातली एकही उठली नाही. त्या हंगामात तालुक्यात माणसं टिकलेली अशी आमची एकच गिरणी असावी, आणि त्यासाठी मालकांना काडीही हलवावी लागली नव्हती. चांगलं काम चांगलं करू दिलं होतं, संपलं.

आता धाकटे मालक, म्हणजे तो पुतण्या. मुंबईत कुठल्याशा व्याख्यानमालेला जाऊन आलेले. येताना एक लाल वही घेऊन आले आणि पहिल्याच दिवशी मला म्हणाले, "मेताजी, माणूस पैशानं टिकत नाही. आपलेपणानं टिकतो." वाक्य सोळा आणे खरं होतं. मला त्या वाक्याचा राग नाही. ते कुणाच्या तोंडी पडलं याचा राग आहे.

लाल वहीत रकाने आखलेले. खूश, बरी, नाखूश. साहेब आवारात खुर्ची टाकून बसले आणि एकेक बाई समोर उभी.

"तुम्ही इथं खूश आहात का?"

पहिली पदराआड हसली. दुसरी म्हणाली, "चाय भेटंल तं..." तिसरीनं आधीच्या दोघींकडं बोट केलं. मग हिची पाळी.

"मावशी, तुम्ही खूश आहात का?"

"कशावर?"

"एकंदरीत हो."

"तांदूळ साफ निगाला तं खूश. नाय निगाला तं नाय."

"बरं, आज?"

"आज अजून सात गोनी हायत. सांच्याला या."

साहेबांनी 'खूश' लिहिलं. मी डोकावून बघितलं.

नंतर फाटकावर पाटी लागली, निळ्या रंगात पिवळी अक्षरं: 'ही गिरणी आपली आहे.' पाटीला हार घातला, पेढे वाटले, आणि बायकांना ओळीनं उभं करून शपथ द्यायची ठरली. आवाज कुणाचा? आमचाच! मी छाती फुगवून म्हणालो, "ही गिरणी माझी आहे!" बायका ओरडल्या, "ही गिरनी माजी हाय!" असं तीनदा. मला तर वाटलं, आता पडदा पडेल आणि टाळ्या होतील.

ही मात्र गप्प होती. सगळं झाल्यावर पुढं आली.

"शेट, खरंच का?"

"काय?"

"गिरनी आमची."

"अगदी खरं, मावशी. जेवढी माझी, तेवढीच तुमची."

"ल्हान पोरांशी बोलतात, तसं नाय ना बोलत?"

"छे, छे!"

ती माझ्याकडं वळली. "मेताजी, तुमी ऐकलंत?"

"ऐकलं," मी पेढा चघळत म्हणालो.

पंधरा दिवस गेले असतील. एका सकाळी बोईसरहून एक बाई तणतणत गिरणीत आली. नवरा तारापूरच्या कामावर फिटर, माणसं मूळची साताऱ्याकडची, राहायची बोईसरच्या मजूरवस्तीत. तिनं पदराची गाठ सोडली आणि माझ्या वहीवर मूठभर खडे ओतले.

"बघा की वो! पंजा बघून गोण घेतली म्या! आमच्या आळीतल्या चार घरांनी मिळून घेतली. काल ह्यांनी भरल्या ताटाला लाथ मारली. 'तुझ्या बापानं तुला तांदूळ निवडायला शिकिवलं न्हाई का' म्हणं. माझ्या मेलेल्या बापाला मधी आणलं! कोन हाय ती पंजावाली? बघू दे तरी मला!"

मी उठायच्या आत पंजावाली तिच्या समोर उभी होती. तिनं वहीवरचा एक खडा उचलला, दोन बोटांत फिरवला. मग दुसरा. मग डोळे मिटून तिसरा. मला वाटलं आता ही भांडेल, आमच्याकडून असं होणारच नाही म्हणेल.

"बाय, शिव्या तुला बसल्या नं? चूक तुजी नाय," ती म्हणाली. "पन यो खडा आमचा बी नाय."

"म्हंजी?"

"शेतातला खडा मातकट असतो. पान्यानं घासून गोल झालेला. ह्याला धार हाय. यो खदानीतला. फोडलेला." आणि माझ्याकडं बघून, "मेताजी, आपल्या गिरनीत खदानीची खडी येते का?"

मंडळी, मी धुतल्या तांदळासारखा नव्हतो. साहेब आल्यापासून दर आठवड्याला एक बैलगाडी यायची, बारीक पांढऱ्या खडीची. मला सांगितलं होतं, लिहा, 'आवारात टाकण्यासाठी'. मी लिहायचो, वळणदार अक्षरात. आवारात आजवर त्यातला एक खडा पडला नव्हता. गाडी सरळ पाठच्या छोट्या गोदामाकडं जायची आणि त्या गोदामाची चावी माझ्या टेबलाच्या खणात असायची. मला काही ठाऊक नव्हतं असं म्हणता येईल. ठाऊक होऊ नये म्हणून मी किती काळजी घेत होतो, तेही सांगायला हवं ना?

"चावी," ती म्हणाली.

"बाय, ते गोदाम..."

"गिरनी आमची हाय नं? तुमीच वरडून सांगितलंत. तीनदा."

तिनं हात पुढं केला आणि मी चावी दिली. धैर्य वगैरे काही नव्हतं. तो साडेचार बोटांचा हात पुढं आला की द्यावंच लागायचं, एवढंच.

दार उघडलं. एका बाजूला पंजाच्या गोणी, तीसएक. काहींची तोंडं उसवलेली. दुसऱ्या बाजूला पांढऱ्या खडीचा गुडघाभर ढीग आणि त्याशेजारी चाळण. तांदळाएवढाच खडा खाली पडावा, मोठा वर राहावा, अशी अगदी बेतानं जाळी मारलेली.

तिनं चाळण उचलली, उजेडात धरून बघितली.

"कोनीतरी मन लावून काम केलंय," ती म्हणाली.

तोपर्यंत धाकटे मालक धापा टाकत आले. "मावशी! इथं तुमचं काय काम?"

"माज्या गिरनीत आली हाय."

साहेब हसले. शिकलेलं हसू. मग समजुतीच्या सुरात सुरू झाले. "हे बघा, हा व्यापार आहे, सगळेच करतात. आणि हा माल काही आपल्या गावात जात नाही. बोईसरकडं जातो, कामावरच्या लोकांना. ती माणसं काय, दगड दिले तरी पचवतील."

"आवो, मी हितंच उभी हाय की!" फिटरची बायको दारातून ओरडली.

साहेबांनी तिच्याकडं पाठ केली. हिनं चाळण खाली ठेवली आणि अगदी शांतपणे, हिशेब समजावून सांगावा तसं म्हणाली, "शेट, आमी पुडं बसून खडं काडतो. तुमी पाठीमागं घालता. तुमी घालू नका, आमी काडत नाय. दोगांची बी मेनत वाचंल."

याच्यावर माणसानं जमिनीत गाडून घ्यावं. साहेबांनी काय करावं? त्यांनी खुलासा केला! "तसं नाही, मावशी. तुम्ही आधी साफ करता म्हणून तर लोक तुमचा पंजा मानतात. पंजा असला की गोण कुणी उघडून बघत नाही. तुमच्या कामाशिवाय हे चालणारच नाही. तुमची किंमत मला कळत नाही असं समजू नका."

कौतुक करत होता तो! मी जवळच उभा होतो, मी त्याचा चेहरा बघितला, तो मनापासून कौतुक करत होता. आज इतकी वर्षं झाली, तरी हे आठवलं की माझी कानशिलं तापतात. लुबाडणारा लुबाडतो, ते समजतं. पण एखादीचा आयुष्यभराचा सरळपणा आपल्या चोरीवर झाकण म्हणून घालायचा, आणि वर तिलाच शाबासकी द्यायची! याला शिव्या आहेत, पण त्या छापत नाहीत.

"या गोनी ओता," ती म्हणाली. "आमी फिरून निवडतो. आमच्या जेवनाच्या येळात करतो."

"उद्या ट्रक भरायचाय. नाही जमायचं."

"मंग?"

"मग काय? तुम्हाला दोन वेळा चहा देतो. बसायला मांडव घालतो. तुमची मजुरी तारापूरएवढी करतो. बायांवर मुकादम करतो तुम्हाला. अजून काय हवं?"

ती विचारात पडली. खरंच पडली, मांडव तिनं दोन वर्षं मागितला होता. मग ती म्हणाली, "दुसरं काय नाय. माजा पंजा परत द्या."

"म्हणजे?"

ती बाहेर गेली, पाण्याच्या पिंपात पदर बुडवला, तशीच निथळत आत आली आणि पहिल्या गोणीवरचा पंजा पुसायला लागली. वाळलेलं पीठ लगेच सुटत नव्हतं. तिनं दोन्ही हातांनी घासलं. बाकीच्या अकराजणी दारात येऊन उभ्या होत्या. कुणी कुणाला काही सांगितलं नाही. एकेक जाऊन पदर भिजवून आली. शेवटी फिटरची बायकोसुद्धा बसली. बाहेर यंत्र धडधडत होतं आणि आत बारा-तेरा बायका गोणींशी गुडघे टेकून घासत होत्या.

गोणी कशाला पुसताय, म्हणून साहेब आधी चिडले. मग काय चाललंय ते त्यांच्या ध्यानात आलं आणि त्यांचा आवाज चढला. कुणी वर बघितलं नाही. शेवटची गोण झाली तेव्हा तागावर नुसते ओले डाग उरले होते.

दुपारी बायकांनी खोपी उतरवल्या. सुपं त्यांची स्वतःची होती, ती डोक्यावर पालथी घालून बारा बायका फाटकातून बाहेर पडल्या. पाटीखालून. कुणी पाटीकडं बघितलं नाही. वाचता कुणाला येत होतं?

साहेबांनी लाल वही काढली. तिच्यात आणखी एक रकाना होता: सोडून जाण्याचं कारण. "लिहा मेताजी," ते म्हणाले, "तारापूरच्या जादा मजुरीमुळे."

मी लिहिलं. अक्षर नेहमीसारखंच छान आलं.

पुढचा प्रवेश आमचा, मंडळी! दुकानदार पंजा मागत होते आणि पंजा तर मासवणच्या वाटेनं चालत गेला होता. दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलावर परात आली, तीत कालवलेलं पीठ. साहेब म्हणाले, "मेताजी, तुमचा हात बेताचाच आहे." आणि मी, गणपतीत दरवर्षी सज्जनाचं काम करणारा मी, बाह्या वर करून पंजे मारायला बसलो. तो ट्रक मनोरला गेला. तिथल्या दुकानदारानं निरोप धाडला, "हा पंजा पाच बोटांचा आहे. आमचा साडेचारचा असतो."

मग मला करंगळी दुमडून पंजा मारायला सांगण्यात आलं.

मी दुमडली.

पंजा जुळला, पण तांदूळ कुठून जुळणार? निवडायला नव्या बायका आणल्या होत्या, त्यांना हात असून नसल्यासारखे. गोणीतला तांदूळ इतका वाईट निघायला लागला की त्यात आणखी खडे घालायची गरज उरली नाही. लोक पंजाची गोण उघडून बघायला लागले. धंदा बसायला लागला तसं साहेबांनी मला बोलावलं. "ती पाम गावाजवळ रस्त्याच्या कामावर आहे म्हणे. जा, घेऊन या. काय मागेल ते कबूल करा."

बोईसरला उतरून मी तारापूरच्या दिशेनं चालत निघालो. रस्ता रुंद करण्याचं काम चाललं होतं. पामच्या अलीकडं उन्हात ओळीनं बसून त्या खडी फोडत होत्या. ती मधोमध. शेजारी लोखंडाची एक कडी. फोडलेला दगड तिच्यातून पलीकडं गेला तरच ढिगावर टाकायचा. एकीनं कडीतून न घातलेला दगड ढिगावर फेकला, तो हिनं न बोलता उचलून तिच्या पुढ्यात परत ठेवला.

"आयो, मेताजी आलं बग," कुणीतरी म्हणालं, आणि हातोड्या थांबल्या.

मी साहेबांचा निरोप सांगितला. मांडव, चहा, मजुरी, सगळं. तिनं ऐकून घेतलं.

"आन खडं?"

"ते... कमी करतो म्हणालेत."

"कमी?" एकजण म्हणाली, आणि बायका अशा हसल्या, अशा हसल्या, की मलाही हसू आलं. हसता हसता लक्षात आलं, की मीही त्या निरोपातलाच एक भाग आहे.

"इतं बरं हाय, मेताजी," ती म्हणाली. "इतं दगडाला दगडच म्हनतात."

"पण तुला आवडतं हे? दगड फोडणं?"

तिनं हातोडी खाली ठेवली. "हाताला कळत नाय अजून," मग म्हणाली. "खडी उचलली का मूठ आपोआप पसरते. तांदूळ हाय असं वाटतं तिला." तिनं मूठ पसरून दाखवली. तळव्याला फोड आले होते.

आणि दाखवता दाखवता तिची नजर माझ्या हातावर गेली. मी तो खिशात घालायला हवा होता. नखांच्या कडांना आणि तळव्याच्या रेषांत पीठ वाळून बसलं होतं. आठ आठ दिवस जात नसे. तिनं माझं मनगट धरलं, हात उलटा केला, सुलटा केला.

"करंगळी दुमडता?"

मी मान हलवली.

मला वाटलं, आता ती बोलेल. बोलली असती तर बरं झालं असतं. तिनं शेजारचा आपला पाण्याचा तांब्या उचलला आणि माझ्या हातावर ओतायला सुरुवात केली. त्या उन्हात, प्यायचं पाणी. मी नखं घासत होतो आणि बारा बायका बघत होत्या. तांब्या रिकामा झाला.

"तुमी कवा निगनार?" तिनं विचारलं.

"कुठून?"

तिनं रिकामा तांब्या पालथा ठेवला.

"घरी बायको आहे," मी म्हणालो. "दोन मुलं आहेत."

"मला बी हायत," ती म्हणाली आणि हातोडी उचलली.

मी रिकाम्या हातानं परत आलो. ती येत नाही असं साहेबांना सांगितलं. त्यांनी विचारलं, "किती मागते?" मी म्हटलं, "काहीच मागत नाही." त्यांना ते समजलं नाही. लाल वहीत त्यासाठी रकाना नव्हता.

इथं मी राजीनामा तोंडावर फेकला असं लिहिता आलं असतं, आणि आवाजही आहे माझ्याकडं. पण तसं झालं नाही. मला अकरा दिवस लागले. मनोरच्या एका लाकडाच्या वखारीत जागा आहे असं कळेपर्यंत मी टेबलाशी बसून होतो, आणि त्या अकरा दिवसांत करंगळी दुमडून किती पंजे मारले ते कृपा करून विचारू नका. माणूस का टिकतो आणि का जातो यावर हल्ली पुष्कळ बोललं जातं. जी टिकायला हवी होती ती एका दुपारी गेली, आणि जो जायला हवा होता तो अकरा दिवस टिकला. या विषयावरचं माझं ज्ञान एवढंच.

वखारीत रुजू झालो त्या आठवड्याच्या सुट्टीला मी पुन्हा पामला गेलो. रस्ता पुढं सरकला होता. डांबर पडलं होतं, तारापूरकडं ट्रक भरधाव जात होते. बाजूला सांडलेल्या खडीवर एक म्हातारा शेळ्या घेऊन बसला होता. त्याला विचारलं, इथं खडी फोडणाऱ्या बायका होत्या, त्या कुठं गेल्या?

"गेल्या," तो म्हणाला. "पावसाच्या अगुदर शेताकडं जातात ना ती लोकं."

"परत येतील?"

"आता हितं काय हाय? रस्ता झाला."

मी मासवणपर्यंत गेलो असतो, तर पाडा सापडला असता. पण मी गेलो नाही. पुढच्या सुट्टीला जाऊ म्हटलं, मग त्याच्या पुढच्या. त्या दिवशी तिथं रस्त्याच्या कडेला उभा राहून, शेळ्या नि म्हातारा सोडला तर कुणी नव्हतं तिथं, मी मोठ्यानं म्हणालो, "निघालो, बाय."

म्हाताऱ्यानं मान वर केली. "बरं. या," तो म्हणाला.